पानात काही टाकायचं नाही

इंजिनिअर झालेला मुलगा हिंजवडीत नोकरीला लागतो. पहिले सहा महिने तो कंपनीच्या बसबद्दल बोलतो, पुढचे सहा महिने मॅनेजरबद्दल बोलतो, आणि वर्ष उलटलं की एका रविवारी पोहे खाता खाता जाहीर करतो, “मी कॅट देणार आहे.” मॅनेजरचा जाच होत असेल तर आपणच मॅनेजर होऊन टाकावं, हा उतारा पहिल्यांदा कुणाला सुचला कोण जाणे, पण देशभरातले तीनेक लाख उमेदवार दरवर्षी तो करून बघतात. २०२४ च्या नोव्हेंबरात, शेवटच्या रविवारी, दोन लाख नव्वद हजारांहून जास्त जण या परीक्षेला प्रत्यक्ष बसले. माझा भाचा त्यांतला एक.

ही आयआयएमच्या प्रवेशाची परीक्षा दोन तासांची. आधी ती तीन तासांची होती. २०२० साली कोविडमुळे एक तास कापला, मग कोविड गेला, पण तो तास काही परत आला नाही. या दोन तासांसाठी सहा-आठ महिने अभ्यास करावा असं जाणकार सांगतात. तो अभ्यास कसा करायचा हे ठरवायला किती महिने लागतात, ते मात्र कुणी सांगत नाही. सांगणार तरी कसं? त्या कामाला अंत नसतो. शिवाय त्यात जी मजा आहे ती अभ्यासात नाही. अभ्यासाला एकट्यालाच बसावं लागतं. अभ्यास कसा करायचा हे ठरवायला अख्खं घर बसतं, शेजारचे येतात, चहा होतो.

ताईच्या कोथरूडच्या घरी ही बैठक जूनमध्ये सुरू झाली. पहिला विषय होता, क्लास लावायचा की घरीच करायचं. भावोजींचं म्हणणं, क्लास लावला की शिस्त लागते. भाच्याचं म्हणणं, सगळं हल्ली यूट्यूबवर असतं. तोडगा म्हणून दोघं दोन-तीन क्लासमध्ये नुसती चौकशी करायला गेले. तिथे ‘डायग्नोस्टिक’ नावाची एक चाचणी फुकट घेतात. तुमचं कुठे दुखतं ते या चाचणीतून कळतं. आजवर कुणी ही चाचणी दिली आणि ‘तुमचं छान चाललंय, तुम्हाला आमची गरज नाही, या आता’ असं सांगून त्याला परत पाठवलं, हे माझ्या तरी ऐकिवात नाही. एका ठिकाणी भाच्याचं इंग्रजी कच्चं निघालं आणि गणित बरं निघालं. दुसऱ्या ठिकाणी गणित कच्चं निघालं आणि इंग्रजी बरं निघालं. भावोजींनी यातून एवढाच निष्कर्ष काढला की मुलाचं दोन्ही बरं आहे, आणि फीचे पैसे वाचवले.

मग सल्लागारांची पाळी. कॅट दिलेला माणूस पुण्यात शोधावा लागत नाही. दुधाची पिशवी आणायला खाली उतरलात तरी दोन भेटतात. त्यांची गंमत अशी की ज्याला नव्व्याण्णव पर्सेंटाइल मिळाले तो दोन वाक्यांत आटपतो: “अरिथमॅटिक पक्कं कर. मॉक टेस्ट दे.” ज्याला पंच्याण्णव मिळाले तो अर्धा तास घेतो. आणि ज्याला सत्तर मिळाले तो तुम्हाला जिन्यात गाठतो, खांद्यावर हात ठेवतो आणि रणनीती सांगायला लागतो. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ही परीक्षा तीनदा दिली आहे. त्यांनी भाच्याला कागदावर नकाशा काढून दिला. त्यात बाण होते. भाच्याने तो नकाशा जपून ठेवला, कारण त्या वेळेपर्यंत त्याच्या अभ्यासाचा तोच एक लेखी पुरावा होता.

पुस्तकं आणायला अर्थातच अप्पा बळवंत चौक. कॅटच्या दुनियेत अरुण शर्मा हे नाव असं घेतात, जसं आमच्या पिढीत वृत्तपत्रविद्येत कुणी एखाद्या अग्रलेखकाचं घेत असे. जाडजूड पुस्तक, प्रत्येक प्रकरणानंतर उदाहरणांच्या तीन पायऱ्या, पहिली सोपी, दुसरी अवघड आणि तिसरी का लिहिली असा प्रश्न पडावा अशी. भाच्याने ते जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून निम्म्या किमतीत आणलं. मी सहज चाळलं. पहिलं प्रकरण ‘नंबर सिस्टिम’. त्याची पानं बोटांनी काळी झालेली, समासात पेन्सिलीने गणितं, ‘महत्त्वाचे’, ‘पुन्हा कर’, चहाचा एक गोल डाग. दुसऱ्या प्रकरणात चार-पाच ठिकाणी खुणा. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे पुस्तक असं कोरं करकरीत की आजच छापखान्यातून आलंय. मी गाड्यावरच्या आणखी दोन प्रती उघडून पाहिल्या, तिथेही तेच. तरुण पिढीने नंबर सिस्टिम घासून पुसून पाठ केली आहे; आणि गेल्या काही वर्षांत पेपरात भरणा असतो तो टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग आणि बीजगणिताचा. नंबर सिस्टिमच्या वाट्याला एखाद-दुसरा प्रश्न येतो. तो मात्र चुकत नसावा.

काळ-काम-वेग हे शब्द ऐकून ताईचे सासरे, म्हणजे अण्णा, आतल्या खोलीतून बाहेर आले. अण्णा चौऱ्याऐंशीचे. पाढे तीसपर्यंत, शिवाय पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. इतकी वर्षं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि वाचलं: अ एक काम बारा दिवसांत करतो, ब तेच काम अठरा दिवसांत करतो, दोघं मिळून किती दिवसांत करतील?

“सात दिवस आणि एक पंचमांश,” अण्णा म्हणाले. कागदाला हात न लावता.

भाचा थक्क झाला. तो अजून ‘क्ष’ मानत होता.

“पण हे खरं नाही,” अण्णा पुढे म्हणाले. “मी पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढला. दोन माणसं एका कामावर लावली आणि काम लवकर झालं, असं मी बघितलेलं नाही. त्या अ ला आणि ब ला विचारलंय का त्यांचं पटतं का? अठरा दिवस लागतील. ब आहे तोवर अठराच.”

व्यवस्थापनाचं याहून नेमकं ज्ञान अहमदाबादच्या आयआयएममध्ये तरी मिळतं का, मला शंका आहे. पण परीक्षेच्या वेळी संगणकाच्या पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो हे कळल्यावर अण्णांचा त्या परीक्षेवरचा विश्वास उडाला. “मग परीक्षा कुणाची घेतात? यंत्राची?” असं म्हणून ते पुन्हा आतल्या खोलीत गेले, ते मॉकच्या निकालापर्यंत बाहेर आले नाहीत.

इंग्रजी उताऱ्यांसाठी वाचन वाढवायला सगळ्यांनीच सांगितलं होतं. हे उतारे विलक्षण असतात. मानववंशशास्त्र, वसाहतवाद, पर्यावरण, कलेचं तत्त्वज्ञान. ज्या विषयांचा पुढे बँकेत किंवा साबणाच्या कंपनीत काम करताना कधी संबंध येणार नाही, ते निवडून घेतल्यासारखे. भाचा रोज इंग्रजी अग्रलेख आणि परदेशी नियतकालिकांतले निबंध वाचू लागला. म्हणजे ते साठवू लागला. त्याच्या फोनमध्ये ‘वाचायचे’ असा एक कप्पा आहे, त्यात इतके निबंध जमले की तो कप्पा उघडला की फोन गरम होतो. पीडीएफचंही तसंच. टेलिग्रामवर कुणी ‘शॉर्टकट फॉर्म्युले’ टाकले की हा उतरवून घेतो. उतरवून घेतल्यावर अभ्यास झाल्यासारखं जे समाधान वाटतं, ते अभ्यास केल्यावर वाटत नाही. हे मी त्याला बोललो तर म्हणाला, “मामा, नोव्हेंबरात लागलं तर हाताशी असावं.” लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांबद्दल ताई हेच म्हणते.

आता वेळापत्रक. भाचा दिवसभर ऑफिसात एक्सेलच करतो, त्यामुळे हे काम त्याच्या हातचा मळ. तारखा खाली, विषय आडवे, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. ठरलेला अभ्यास झाला नाही तर तो चौकोन आपोआप लाल होईल असं सूत्र घातलेलं. तक्ता इतका देखणा झाला की त्याने तो ऑफिसातल्या चौघांना पाठवला, त्यांतल्या दोघांनी त्यावरून कॅट द्यायचं ठरवलं. सुरुवात सोमवारपासून. अभ्यास सोमवारी सुरू होतो किंवा एक तारखेला. आजवर मराठी माणसाने सतरा तारखेला, बुधवारी, दुपारी पावणेचारला कुठल्याही अभ्यासाला सुरुवात केल्याचं उदाहरण सापडणार नाही. तो सोमवार चुकला की पुढचा सोमवार असतोच. आणि एक तारीख सोमवारी येत असेल तर तिच्यासाठी थांबणं हे शहाणपणाचंच.

पण पुण्यात राहून नोव्हेंबरातल्या परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणजे सगळ्या सणांशी वाटाघाटी करणं आहे. परीक्षा घेणाऱ्या आयआयएमनी तारीख ठरवताना पंचांग समोर धरलं असावं असं मला वाटतं, फक्त उलटं. जुलैपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि भाचा पथकात ढोल वाजवतो. पथक सोडायचं का, हा प्रश्न निघाला तेव्हा बैठकीत शांतता पसरली. भावोजींनी सुद्धा ‘सोड’ असं म्हटलं नाही. सप्टेंबरात गणपती. विसर्जनानंतर दोन दिवस कान वाजत असतात, तेव्हा इंग्रजी उतारा वाचता येत नाही हे वैद्यकीय कारण झालं. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये असं भाच्याच्या आजींनी सांगितलं, आणि तोवर काहीच सुरू झालेलं नसल्यामुळे सगळंच नवीन होतं. नवरात्रात बरं चाललं होतं. दसऱ्याला आजींनी पाटीवर सरस्वती काढली आणि तिच्यापुढे अरुण शर्मा ठेवला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेला ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नसतं. आजींच्या घरात हा नियम कुणी मोडलेला नाही, आणि भाच्याने तो मोडण्याचा प्रयत्न केला असंही कुणी म्हणू शकणार नाही.

भावोजी स्वतंत्र संशोधन करत होते. त्यांच्याकडे कात्रणांची फाईल आहे. २००९ साली ही परीक्षा पहिल्यांदा संगणकावर घेतली तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत काही केंद्रांवर संगणकांनी कसा दगा दिला, ते त्यांना पाठ आहे. त्याआधी २००३ साली पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि २००४ च्या फेब्रुवारीत पुन्हा घेतली. दिवाळीत, फराळाच्या वेळी, भाच्याचा चेहरा पाहून त्यांनी ही गोष्ट काढली. “म्हणजे तसं काही झालंच,” ते चकली मोडत म्हणाले, “तर आपल्याला तीन महिने मिळतात.” सरकारी नोकरीत मुदतवाढ या गोष्टीवर माणसाची श्रद्धा बसते, ती निवृत्तीनंतरही उडत नाही.

पहिल्या मॉकचा निकाल याच सुमारास आला. बासष्ट पर्सेंटाइल.

“फर्स्ट क्लास!” भावोजी म्हणाले. आजींनी हातावर साखर ठेवली. भाच्याने ती आधी खाल्ली आणि मग समजावलं की हे टक्के नव्हेत. बासष्ट पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले बासष्ट आपल्या मागे.

“आणि पुढे?” आतल्या खोलीतून आवाज आला.

“अडतीस.”

“परीक्षेला बसतात किती?”

“दोन लाख नव्वद हजार.”

“एक लाख दहा हजार दोनशे,” अण्णा दारात येऊन म्हणाले. “पुढे.”

नव्व्याण्णव पर्सेंटाइल मिळाले तरी दोन हजार नऊशे लोक पुढे असतात, आणि अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाला जागा चारशेच्या आसपास, हेही त्यांनी लगेच करून दाखवलं. आजींना ते पटेना. नव्व्याण्णव मिळालेल्या मुलाच्या पुढे माणसं असतातच कशी? शिवाय तेवढ्यावर भागत नाही. कितीतरी आयआयएम दहावी-बारावीचे गुणही धरतात, म्हणजे पंधराव्या वर्षी इतिहासाच्या पेपराला जे दोन धडे सोडले होते ते पंचविसाव्या वर्षी पुन्हा समोर येतात. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” हे वाक्य भावोजी गेली दहा वर्षं उच्चारायला थांबले होते. त्यांनी ते उच्चारलं. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली, आणि ती भाच्याच्या आळसापेक्षा खोल आहे. २०२४ चा पेपर अडुसष्ट प्रश्नांचा होता. चोवीस प्रश्न इंग्रजीचे, बावीस तर्काच्या कोड्यांचे, बावीस गणिताचे. प्रत्येक भागाला मोजून चाळीस मिनिटं, एकातून दुसऱ्यात जायची सोय नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्नात चुकलं की एक गुण वजा. एवढ्या वेळात हे सगळं सोडवता येत नाही, आणि सोडवावं अशी अपेक्षाही नाही. निम्म्याहून कमी गुण मिळवणारी मुलं नव्व्याण्णवच्या घरात जातात. कोड्यांच्या भागात चार-पाच संच असतात. त्यांतले दोन-तीन निवडायचे आणि उरलेल्यांकडे बघायचंसुद्धा नाही, हीच तिथली विद्या. पहिली पाच मिनिटं काय सोडायचं हे ठरवण्यात घालवावीत असं सगळे सांगतात.

आणि आपण वाढलो कसे? पानात काही टाकायचं नाही. कारलं असो, शेपू असो, वाढलंय ते संपवून उठायचं. शाळेतही तेच, पेपर अर्धा तास आधी सोडून कोण उठला याची चौकशी व्हायची, आणि घरातून निघताना शेवटची सूचना ठरलेली असायची: “एकही प्रश्न सोडू नकोस, काहीतरी लिहून ये.” काहीतरी लिहिण्यावर या राज्यातल्या कित्येक पिढ्या बोर्डाच्या परीक्षा पास झाल्या आहेत. अशा घरातला मुलगा एक संच सुटत नाही म्हणून तो अर्धवट टाकून पुढे जाईल कसा? तो त्याच कारल्यापुढे पंचवीस मिनिटं बसतो. मॉकमध्ये भाच्याचं हेच झालं होतं. आणि अभ्यासाचं ठरवतानाही हेच होत होतं. त्याने एकही पुस्तक सोडलं नाही, एकही व्हिडिओ सोडला नाही, वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा नकाशा सोडला नाही, ढोल तर नाहीच. सगळंच वाढून घेतलं होतं.

हे मी भावोजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे निम्मा अभ्यास करायचाच नाही असं शिकवणारी ही परीक्षा आहे?” मी म्हटलं, साधारण तसंच. त्यावर ते इतका वेळ गप्प राहिले की मला माझं बोलणं मागे घ्यावंसं वाटलं.

शेवटचे तीन आठवडे भाच्याने खरा अभ्यास केला. याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण त्या काळात तो कुणाशी बोललाच नाही. एक्सेलचा तक्ता उघडला नाही. रजा टाकली, जवळच्या अभ्यासिकेत जागा घेतली, एक दिवसाआड मॉक दिला आणि चुका वहीत लिहिल्या. घराला करमेना. बैठकीला विषयच राहिला नाही. शेजारच्या काकू दोनदा येऊन ‘काय ठरलं?’ विचारून गेल्या.

परीक्षेहून तो संध्याकाळी घरी आला तेव्हा सगळे दिवाणखान्यात होते.

“किती सोडवलेस?” भावोजींनी विचारलं.

“चौतीस.”

“आणि बाकीचे चौतीस?”

“सोडले.”

इतक्या शांतपणे त्याने ते सांगितलं की मला त्याचा अभिमान वाटला. भावोजींना नाही वाटला. रात्री ते जेवले, पण मन लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी फाईल काढली आणि महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीची माहिती मोठ्याने वाचायला घेतली. चर्चगेटची बजाज इन्स्टिट्यूट या परीक्षेतून मिळते, १९६५ पासूनची संस्था, नावाजलेली. मग गुणांची पद्धत आली आणि त्यांचा आवाज बदलला. दोनशे प्रश्न. दीडशे मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

“म्हणजे एकही सोडायचा नाही?” आजींनी विचारलं.

“एकही नाही!”

“प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद,” अण्णा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून घेऊन बसले.

घर पुन्हा नांदतं झालं. वेळ संपत आली की शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना न वाचता एकच पर्याय देऊन टाकायचा, हे पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं. तो पर्याय कुठला, यावर मात्र अडलं आहे. भावोजींचा कल ‘क’ कडे आहे, अण्णा ‘ब’ वर ठाम आहेत. प्रश्नाला पाच पर्याय असतात, असं भाच्याने मधे सांगून बघितलं. त्याला दोघांनीही गप्प बसवलं, आणि जुने पेपर आणायला अप्पा बळवंत चौकात पाठवून दिलं.